लाकूड, दगड की पत्रा?

तुम्ही ऑफिसात मीटिंगमध्ये मान डोलावत बसलाय आणि तिकडे तुमच्या घराची दारं कुणीतरी बॉम्बनं उडवतंय. घाबरू नका, गोष्ट गेममधली आहे. पण 'रस्ट'मध्ये घर बांधताना माल कुठला वापरायचा, कुठं हात सैल सोडायचा आणि कुठं आखडता घ्यायचा, हा हिशोब मात्र एकदम खराखुरा!

सकाळचे साडेनऊ. शिवाजीनगरच्या सिग्नलला रिक्षा अडकलेली. मी मीटिंगला उशीर झाला म्हणून सारखी घड्याळाकडे बघतेय आणि हातातला मोबाइल थरथरतो. ग्रुपवर एकच ओळ. 'आपलं घर गेलं.'

खोटं नाही सांगत, पोटात गोळाच आला. कुठलं घर? साताऱ्याचं? आई-बाबा बरे आहेत ना? तेवढ्यात पुढचा मेसेज. 'भिंती शाबूत आहेत. दारं गेली. आत एक खिळा ठेवला नाही.' तेव्हा कुठं ट्यूब पेटली. हे घर 'रस्ट'मधलं!

रिक्षावाले काका आरशातून बघत होते. "काय झालं ताई?" माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी चोरी झाली हो काका." मग काय, ते बिचारे उरलेला रस्ताभर मला पोलिसांत तक्रार कशी लिहायची ते समजावत राहिले. कुठल्या तोंडानं सांगणार होते, की चोर कुठल्या देशातले आहेत तेही माहीत नाही, आणि चोरीला गेलेला माल म्हणजे गंधक, लोखंड आणि दोन बंदुका!

हसा, खुशाल हसा. पण त्या घरात आम्हा चौघांचे पंधरा दिवस गेले होते. आणि घर गेलं त्यापेक्षा जास्त काहीतरी त्या सकाळी जाता जाता राहिलं. ते पुढे सांगते. आधी बांधकाम.

हा रस्ट काय प्रकार आहे?

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'रस्ट' हा इंग्लंडच्या फेसपंच स्टुडिओजचा गेम. डिसेंबर २०१३ मध्ये तो अर्धवट अवस्थेतच लोकांना खेळायला मिळाला, फेब्रुवारी २०१८ मध्ये पूर्ण झाला आणि मे २०२१ मध्ये कन्सोलवरही आला. एका बेटावर तुम्ही उघडेनागडे जागे होता. हातात एक दगड आणि एक मशाल. बस्स! लाकूड तोडा, दगड फोडा, शिकार करा, घर बांधा, जगा.

सुरुवातीला यात झोंबी होते. २०१४ मध्ये ते काढून टाकले. गरजच नव्हती हो! बेटावरची बाकीची माणसंच पुरेशी भयानक आहेत.

आणि आता खरी गंमत. तुम्ही लॉगआउट केलंत म्हणून बेट थांबत नाही. तुमचं पात्र तिथंच जमिनीवर गाढ झोपलेलं असतं. तुमचं सामान, तुमच्या पेट्या, सगळं तिथंच. तुम्ही स्टेटस मीटिंगमध्ये असताना कुणीही येऊन दार उडवू शकतं. याला म्हणतात ऑफलाइन रेड. कॉलेजच्या पोरांना याचं फारसं टेन्शन नसतं. ती आळीपाळीनं चोवीस तास जागी असतात. आपण नोकरदार माणसं दिवसाचे एकवीस-बावीस तास गायब! म्हणजे आपल्या घराची राखण कोण करणार? भिंती आणि दारं. म्हणूनच माल निवडणं हा आपल्यासाठी शोभेचा प्रश्न नाही.

चार माल, चार स्वभाव

घराचा सांगाडा आधी काड्यांचा उभा करायचा आणि मग हातोडी मारून एकेक तुकडा वरच्या दर्जाचा करायचा. काड्यांच्या भिंतीची ताकद फक्त १०. कुणी रागानं बघितलं तरी पडेल. ती घाईगडबडीत एखादी काडी विसरून गेलात, तर तिथंच भगदाड. त्यापुढे खरे माल चार.

लाकूड. एका भिंतीला २०० लाकूड, ताकद २५०. झटपट होतं, स्वस्त आहे, पण पेटतं! बॉम्ब कशाला, आग पुरते. लाकडाचं घर म्हणजे फार तर पहिल्या तासाचा आडोसा. त्यात रात्रभर झोपणं म्हणजे स्टेशनवर बॅग ठेवून चहा प्यायला जाण्यासारखं आहे.

दगड. एका भिंतीला ३०० दगड, ताकद ५००. आगीला भीक घालत नाही. बाहेरच्या बाजूनं नुसत्या कुदळीनं फोडायला बसलं तर चोर म्हातारा होईल. पडायला बॉम्बच लागतो.

पत्रा. एका भिंतीला २०० मेटल, ताकद १०००. म्हणजे दगडाच्या दुप्पट. पण खनिज फोडा, भट्टीत घाला, खाली लाकूड जाळा, वाट बघा, मग हे मेटल मिळतं. शिवाय हेच मेटल दारांना, हत्यारांना, कुलपांना, सगळ्यालाच हवं असतं.

आर्मर्ड. एका भिंतीला फक्त २५ हाय क्वालिटी मेटल, ताकद २०००. 'फक्त' हा शब्द फसवा आहे. मेटलचा एक मोठा दगड फोडला की हे जेमतेम दोन निघतं. म्हणजे एका भिंतीसाठी बारा-तेरा दगड. एखादी खोली ठीक आहे, अख्खं घर आर्मर्ड करणं ही अंबानी मंडळींची कामं.

हे वाचून कुणालाही वाटेल, की सोपं आहे की! लवकरात लवकर पत्रा गाठायचा आणि निवांत झोपायचं. आम्हालाही तस्संच वाटलं होतं.

आधी चोराचा खिसा बघा

भिंत किती मजबूत आहे हा प्रश्न अर्धाच आहे. ती पाडायला समोरच्याला किती खर्च येतो, हा दुसरा अर्धा. रस्टमधली सगळी चोरी एकाच चलनात मोजली जाते, ते म्हणजे सल्फर. आपलं गंधक! बारूद त्याचीच, बॉम्ब त्याचेच.

गरिबाचा बॉम्ब म्हणजे सॅचेल. एकदम गावठी मामला. कधी फुटतो, कधी फुसका निघतो. एका सॅचेलला एकूण ४८० सल्फर जातं. श्रीमंताचा बॉम्ब म्हणजे सी-फोर. त्याला तब्बल २२०० लागतं. मधला रॉकेट, १४०० चा. आता भाव बघा.

लाकडी भिंत – ३ सॅचेल.
दगडी भिंत – १० सॅचेल किंवा ४ रॉकेट किंवा २ सी-फोर.
पत्र्याची भिंत – २३ सॅचेल किंवा ८ रॉकेट किंवा ४ सी-फोर.
आर्मर्ड भिंत – ४६ सॅचेल किंवा १५ रॉकेट किंवा ८ सी-फोर.

जरा कॅल्क्युलेटर काढू. बऱ्यापैकी कुदळ असेल, तर दगडाच्या एका मोठ्या खडकातून १००० दगड मिळतो. म्हणजे एका खडकात तीन भिंती आणि वर सुटे पैसे! आणि चोराला? सल्फरच्या एका खडकातून मिळतं ३००. दगडाची एक भिंत सॅचेलनं पाडायला ४८०० सल्फर, म्हणजे सोळा खडक. फोडायचे, वाहून आणायचे, भट्टीत घालायचे आणि वाटेत कुणी मारलं तर पुन्हा पहिल्यापासून.

तुमचा एक खडक, त्याच्या तीन भिंती. त्या पाडायला त्याचे अठ्ठेचाळीस खडक. इतकं एकतर्फी डील आपल्याला अप्रेझलमध्ये तरी कधी मिळालंय का?

म्हणून फंडा असा, की न फुटणारं घर या गेममध्ये नाहीच. कुणी तसं सांगत असेल तर तो बिल्डर आहे असं समजा. चोराला तुमचं घर फोडणं परवडू नये, एवढंच आपल्या हातात असतं. आत ३००० चा माल आणि फोडायला १२००० खर्च, असं त्याला बाहेरून दिसलं, की तो शेजारच्याकडे वळतो. शेजारधर्म वगैरे नंतर बघू.

भिंत भक्कम, दार पापड

आता आमच्या घराचं काय झालं ते सांगते. आमची टीम चौघांची. मी. कॉलेजचे दोघं मित्र, एक हिंजवडीत आयटीवाला आणि एक ठाण्यात बँकेत. आणि माझा मामेभाऊ, जो टोरांटोला असतो. आम्ही तिघंही त्याला दादाच म्हणतो.

ऑगस्ट २०२४. आम्ही मिळून जवळजवळ दीडशे तुकड्यांचा बंगला बांधला. बाहेरून सगळा पत्रा! दुरून उन्हात नुसता चमकायचा. आम्ही त्याचे स्क्रीनशॉट काढून मिरवायचो. एखाद्याचा खरा टू बीएचके झाला असता तर एवढा आनंद झाला नसता.

चोर आले आणि त्यांनी भिंतींना हातसुद्धा लावला नाही. का लावतील? पत्र्याची भिंत २३ सॅचेल. पण पत्र्याचं साधं दार किती? ४ सॅचेल! आणि आमची मुख्य दारापासून तिजोरीपर्यंत एका रांगेत होती तीन दारं. तीन चोक बारा. बारा सॅचेल म्हणजे ५७६० सल्फर. एक पत्र्याची भिंत पाडायला लागतं ११०४०. म्हणजे एका भिंतीच्या जेमतेम अर्ध्या किमतीत त्यांनी अख्खं घर धुतलं. आम्ही हजारो मेटल ओतून जे काही उभं केलं होतं, ते चोराच्या हिशोबात कुठं आलंच नाही. तो दारानं आला. पाहुण्यासारखा.

तेव्हा पहिला धडा. कुठल्याही घराची ताकद त्याच्या सर्वांत स्वस्त वाटेएवढीच असते. भिंत सुधारायच्या आधी बाहेरून तिजोरीपर्यंतची प्रत्येक वाट मोजा. दारातून किती सॅचेल, भिंतीतून किती, छतातून किती. सगळ्यांत छोटा आकडा हाच तुमच्या घराचा खरा आकडा. साध्या दाराऐवजी शटरसारखं वर सरकणारं गॅरेज डोअर लावलं, तर तेच ४ चे ९ सॅचेल होतात. त्याला ३०० मेटल आणि दोन गिअर लागतात. म्हणजे दीड भिंतीच्या मेटलमध्ये दाराची किंमत चोरासाठी दुप्पट. आम्ही दीडशे तुकड्यांना पत्रा मारत बसण्यापेक्षा तीन दारं बदलली असती ना...

दुसरा धडा याहून लाजिरवाणा. रस्टमधल्या भिंतीला दोन बाजू असतात, एक टणक आणि एक नरम. दगडाच्या भिंतीची नरम बाजू चुकून बाहेर आली, तर बॉम्बची गरजच नाही. तीन-चार कुदळी आणि थोडा निवांत वेळ पुरतो. आमच्या बंगल्यात आतल्या खोलीची एक भिंत उलटी लागली होती. पंधरा दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती मीच लावली होती, हे ग्रुपमधल्या दोघांना हा लेख वाचून कळणार आहे.

पत्र्याचा ईएमआय

आता तो मुद्दा, जो घर बांधताना कुणीच सांगत नाही. खऱ्या आयुष्यातही आणि इथंही. मेंटेनन्स!

२०१७ पासून रस्टमध्ये घर नुसतं बांधून भागत नाही. घरात एक कपाट असतं, टूल कपबर्ड. त्या परिसरात बांधकाम कुणी करायचं ते हे कपाट ठरवतं, आणि त्यातच देखभालीचा माल भरून ठेवावा लागतो. दर चोवीस तासांचा खर्च त्यातून आपोआप कापला जातो. दगडी भिंतीला दगड, पत्र्याला मेटल, ज्याचं त्याला. दर कसा? अगदी इन्कम टॅक्ससारखे स्लॅब! पहिल्या १५ तुकड्यांवर बांधकाम खर्चाच्या १० टक्के रोज. घर वाढलं की पुढच्या तुकड्यांवर दर वाढत जातो आणि सर्वांत वरच्या स्लॅबला तर तो एक तृतीयांशापर्यंत पोचतो.

कपाट रिकामं झालं की घर कुजायला लागतं. लाकूड ३ तासांत जातं, दगड ५, पत्रा ८, आर्मर्ड १२. म्हणजे तुम्ही लाँग वीकेंडला कोकणात गेलात आणि कपाट भरायला विसरलात, तर चोराची वाट बघायचीही गरज नाही. परत येईपर्यंत जागेवर गवत!

आमच्या दीडशे तुकड्यांच्या पत्र्याच्या बंगल्याला रोज चार हजारांच्या वर मेटल लागायचं. एका मोठ्या खडकातून मिळणार ६०० च्या आसपास. म्हणजे रोज सात-आठ खडक, त्यापुढे भट्टी, भट्टीला लाकूड. हे फक्त आहे ते टिकवायला. त्यात नवं काहीच नाही. खेळायचं कधी?

आणि मुख्य म्हणजे, हे करणार कोण?

'तू कुठे होतास?'

दादा २०१९ मध्ये टोरांटोला गेला. लहानपणी दर दिवाळीला आम्ही मामाच्या वाड्यात मिळून किल्ला करायचो. माती तो कालवायचा, मावळे मी मांडायचे. तो गेल्यावर फोन व्हायचे, पण तेच ते. 'जेवलीस का', 'थंडी किती', 'बरं ठेवतो'. रस्ट सुरू झाला आणि आम्ही पुन्हा तासन् तास बोलायला लागलो. गेम निमित्त. खडक फोडता फोडता माणूस किती काय काय बोलतो!

उन्हाळ्यात त्याच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. म्हणजे आम्ही तिघं झोपलेलो असताना घरात जागा कोण? दादा. मग आपोआपच ठरून गेलं. रात्रपाळी दादाची. कपाट भरायचं दादानं. मेटल आणायचं दादानं. भट्टी बघायची दादानं. दिवसभर नोकरी करून घरी आलेला माणूस रोज तास-दीड तास एकटा त्या बेटावर मेटल गोळा करत फिरायचा. आम्ही सकाळी उठून भरलेलं कपाट बघायचो आणि ग्रुपवर अंगठा टाकायचो. एकदा तो गमतीत म्हणालाही होता, "मी तुमचा वॉचमन आहे का रे?" आम्ही हसण्यावारी नेलं.

घर गेलं त्या रात्री तो नव्हता. आणि रिक्षातून, काही विचार न करता, मी ग्रुपवर टाइप केलं, 'दादा, तू कुठे होतास?'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'पिल्लूचा वाढदिवस होता.' त्याची मुलगी दोन वर्षांची झाली होती. फोटोही त्यानंच आदल्या दिवशी फॅमिली ग्रुपवर टाकला होता. मी त्याला हार्टसुद्धा दिलं होतं.

त्यानंतर त्यानं गेम उघडला नाही. भांडण वगैरे काही नाही. नुसतं शांत. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दसरा गेला. भाऊबीजेला मी फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "दादा, सॉरी. घर आपलं होतं आणि राखण तुझ्या एकट्याच्या गळ्यात." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, चोरीचं काही वाटलं नाही गं. पण मला तुमच्याशी खेळायचं होतं. मी दोन आठवडे नुसता पत्र्याचा हप्ता भरत होतो."

हप्ता! एवढं नेमकं उत्तर मला कुणीच दिलं नव्हतं. आम्ही सगळ्यांत मजबूत माल कुठला तेवढंच विचारलं होतं. आम्हा चौघांकडे मिळून रोज किती वेळ आहे, हे विचारायचंच राहिलं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आजी सांगायची तेव्हा आपण कान बंद ठेवून बसायचो ना, त्याचा हा परिणाम!

दुसरा डाव, दगडाचा

रस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळं जग पुसून टाकतात. त्याला वाइप म्हणतात. इंग्लंडमधले संध्याकाळचे सात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. शुक्रवारी ऑफिसात डोळे चोळत बसलेला कुणी दिसला, तर त्याला पार्टीबद्दल विचारू नका.

७ नोव्हेंबर २०२४ च्या वाइपला आम्ही पुन्हा उतरलो. या वेळी आधी कागदावर हिशोब. दोन चौकोनी खोल्यांचं छोटं घर. तिजोरी आणि कपाट मधोमध. भोवती सगळीकडून त्रिकोणी रिकाम्या कप्प्यांचं कडं, ज्याला खेळणारे हनीकोंब म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं! चोरानं बाहेरची भिंत पाडली तर आत मिळतो एक रिकामा कप्पा आणि समोर अजून एक भिंत. सगळं दगडाचं. पत्रा फक्त मधल्या कपाटाच्या खोलीला. बाकी सगळं मेटल दारांना. पहिल्या दिवशी साधी दारं, चार दिवसांत तीन गॅरेज डोअर. बाहेर पडायच्या जागी दोन दारं एकामागे एक, म्हणजे पहिलं बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचंच नाही. बाहेर दबा धरून बसलेल्यानं तुम्हाला दारातच मारलं तरी तो आत घुसू शकत नाही. बॉम्ब न लावता होणाऱ्या चोऱ्या अशाच होतात.

आता आकडे लावा. दारानं आलात तर ९ गुणिले ३, म्हणजे २७ सॅचेल, १२९६० सल्फर. भिंतीनं आलात तर दगड १०, पुन्हा दगड १०, मग पत्रा २३, एकूण ४३ सॅचेल. कुठूनही या, आधीच्या बंगल्याच्या दुपटीपेक्षा महाग. आणि घर? चाळीसेक तुकडे. देखभाल रोज दीड हजार दगडांच्या आत, आणि पत्र्यासाठी किरकोळ मेटल. म्हणजे दोन खडक. पाच-सात मिनिटांचं काम! जो आधी लॉगइन करेल त्यानं करायचं आणि ग्रुपवर 'कपाट भरलं' लिहायचं. नाही जमलं, तर नाही. कपाटात चार दिवसांचा दगड आधीच टाकलेला.

मी आयटीवाल्याला विचारलं, "अरे, पण दगडच का? दहा दिवसांनी पत्रा परवडला असता की." तो म्हणाला, "बांधायला परवडला असता. ठेवायला नसता." कॉर्पोरेट लोक कधीकधी फार शहाण्यासारखं बोलतात.

खोटं कशाला सांगू, धाड याही घरावर पडली. तेविसाव्या दिवशी सकाळी बघतो तर बाहेरचं गॅरेज डोअर गायब. दुसऱ्या दारावर काळे डाग. आणि तिथंच सगळं थांबलेलं! त्यांचे बॉम्ब संपले असतील किंवा पुढं अजून एक दार दिसल्यावर त्यांनी हिशोब केला असेल. ४३२० सल्फर खर्चून त्यांना एक रिकामी बोळकांडी मिळाली. आम्ही ३०० मेटलचं दार पुन्हा लावलं. त्या सकाळचा दादाचा मेसेज मी अजून जपून ठेवलाय. पहाटे त्यानंच आधी बघितलं होतं. 'चोर आले होते. दार लावलंय. झोपा.'

५ डिसेंबरच्या वाइपला ते घर इतर सगळ्या घरांबरोबर गेलं. मोठमोठे पत्र्याचे महालही गेले. वाइपच्या आदल्या रात्री आम्ही चौघं छतावर बसलो होतो. सगळे एका वेळी जागे राहण्याची महिनाभरातली ती दुसरी-तिसरीच वेळ असेल. कुणी काही फोडत नव्हतं, कुणी काही भरत नव्हतं. दादाच्या माइकमधून पिल्लूचा आवाज येत होता. ती विचारत होती, हे घर कुणाचं?

दादा म्हणाला, "आपलं. उद्या नवीन बांधायचंय."

ऑफिसवाल्यांसाठी सात सूत्रं

१. लाकडाच्या घरात झोपू नका. पहिल्याच रात्री लॉगआउट करण्याआधी चारही भिंती दगडाच्या करा. घर छोटं राहिलं तरी चालेल.

२. काड्यांचा एकही तुकडा विसरला नाहीये ना, हे बाहेरून एक चक्कर मारून बघा. भिंतीची टणक बाजू बाहेरच हवी.

३. बाहेरून तिजोरीपर्यंतच्या सगळ्या वाटा सॅचेलमध्ये मोजा. सगळ्यात छोटा आकडा आधी सुधारा. बहुतेक वेळा ते दारच असतं.

४. एक पत्र्याची भिंत की दोन दगडाच्या? सॅचेलच्या हिशोबात २३ विरुद्ध २०, म्हणजे फरक थोडाच. दगडाला भट्टी लागत नाही. वेळ कमी असेल तर दोन दगडाच्या घ्या.

५. पत्रा आणि आर्मर्ड मधल्या खोलीपुरतेच ठेवा. पूर्ण घराला चढवायचा मोह झाला, तर आधी रोजचा हप्ता काढून बघा.

६. सगळा माल एका खोलीत ठेवू नका. चोराला प्रत्येक खोलीसाठी वेगळा खर्च येऊ द्या.

७. देखभाल एकाच्या गळ्यात टाकू नका. तो जागा असतो म्हणून ते त्याचं काम होत नाही. आणि घर गेलंच, तर 'तू कुठे होतास' हा प्रश्न टाइप करण्याआधी फॅमिली ग्रुप एकदा उघडून बघा!